बावीस नापास

चैत्र लागला की आमच्या सोसायटीतला कडुनिंब फुलतो आणि त्याच सुमाराला पोरांचे चेहरे सुकतात. खालच्या मजल्यावरची मुलगी गच्चीवर फेऱ्या मारत काहीतरी घोकत असते. समोरच्यांचा टीव्ही महिनाभर मुका होतो. जिन्यात भेटलेली प्रत्येक आई दुसऱ्या आईला "झाला का पोर्शन?" असं विचारते आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. मी बाल्कनीत बसून सगळं बघते. या वयात दुसऱ्यांच्या परीक्षा बघण्यासारखं सुख नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

परवा धाकट्या लेकीचा पुण्याहून फोन आला, तोही रडवेला. तिची मुलगी साडेतीन वर्षांची. एका मोठ्या शाळेत नर्सरीसाठी तिची असेसमेंट होती. मॅडमनी विचारलं, हा रंग कोणता, हा प्राणी कोणता. आणि आमच्या बाईसाहेबांनी तोंडच उघडलं नाही. "आई, आता कसं होणार गं हिचं?" लेक म्हणाली. मी गंभीर राहायचा फार प्रयत्न केला. पण पलीकडे खुर्चीत बसलेल्या आमच्या ह्यांना, ज्यांना एरवी दारावरची बेल ऐकू येत नाही, नेमकं हे ऐकू गेलं आणि ते खो खो हसत सुटले. मग मलाही आवरेना. लेकीनं रागावून फोन ठेवला. तिचंही बरोबरच आहे म्हणा.

पण आम्ही तिला हसत नव्हतो. आम्हा दोघांनाही एकदमच प्रवरेकाठचं बेलापूर आठवलं होतं. एकाहत्तर सालचा चैत्र, आणि गुळाच्या गोदामातली ती परीक्षा.

उस्मानभाई म्हणजे गावातले गुळाचे व्यापारी. त्यांचं ते जुनं गोदाम पेठेच्या टोकाला होतं, प्रवरेकडे उतरणाऱ्या वाटेवर. जाड दगडी भिंती, वर पत्रा, उंचावर दोन झरोके. वर्षानुवर्षं त्या भिंतींना टेकून गुळाच्या ढेपा रचलेल्या, त्यामुळे माल गेला तरी गूळ काही गेला नव्हता. ऊन तापलं की भिंतींना घाम यायचा आणि तो घाम गोड असायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिथे लहानग्यांची शाळा काढली, तिच्या पहिल्याच दिवशी आलेली चारही मुलं भिंतीला तोंड लावून उभी असलेली पाहिली तेव्हा कळलं. मी ओरडले. ह्यांनी शांतपणे भिंतीला बोट लावलं, चाखलं, आणि "चांगला आहे" म्हणून मुलांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. माझ्या नवऱ्याविषयी कुणी काही विचारलं तर मी एवढीच गोष्ट सांगते.

त्या गोदामात मुंगळेही होते. काळे, मोठाले, रांगेनं चाललेले. पोरं पालथी पडून ते मोजायची. एक मुंगळा, दोन मुंगळे, सात मुंगळे. अंक शिकवायला आम्हाला दुसरं साहित्य फारसं लागलंच नाही. एखादा चावला की रडारड व्हायची आणि मग चावलेल्या जागी गूळ लावायचा. हे औषध पोरांनीच शोधून काढलं होतं आणि त्या औषधापायी काही जण मुद्दाम चावून घ्यायचे.

शाळा काढायचं खूळ माझं. लग्नाआधी पुण्याला मावशीकडे राहून मी बालशिक्षणाचा वर्षाचा कोर्स केला होता आणि ते प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांच्या खाली पडून होतं. हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्या यायच्या, हे वजन लिहायचे. पक्की नोकरी. मी एकदा जेवताना सहज म्हणाले की इथल्या बाया पोरांना बांधावर झोपवून खुरपायला जातात, त्या पोरांसाठी काही करता येईल. महिन्याभरानं एका दुपारी हे घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, "सोडली." मी विचारलं, काय सोडलं? "नोकरी. तूच म्हणालीस ना?" आजही ह्यांचं म्हणणं असं आहे की मीच म्हणाले होते.

मग आम्ही दोघं घरोघर फिरलो. लोक चहा द्यायचे, पाट द्यायचे, मूल मात्र द्यायचे नाहीत. पारूबाई म्हणून एक होत्या, मळ्यात राहायच्या, त्यांचा दत्तू चार वर्षांचा. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "एवढ्याशा जिवाला काय शिकवनार, बाई? त्याला अजून नाक पुसता येत न्हाई." मी म्हटलं, तेच शिकवू. यावर त्या हसल्या आणि दत्तू आमच्याकडे आला. उस्मानभाईंची नात शमीम आली. आदल्या वर्षी माल कमी आला म्हणून त्यांचं गोदाम रिकामं होतं आणि ते त्यांनी आम्हाला वापरायला दिलं होतं. त्यामुळे नातीला पाठवणं त्यांना भागच होतं. चाराची आठ झाली, दिवाळीपर्यंत बावीस.

मुलं आणायला हे जायचे. त्यासाठी ह्यांनी बैलाचा जुना कासरा घेतला होता, हातभर अंतरावर एकेक गाठ मारलेला. एकेका पोरानं एकेक गाठ धरायची. पुढे हे, मागे कासरा, कासऱ्याला लटकलेली पोरं, अशी ती वरात गाणी म्हणत पेठेतून निघायची. दुकानदार विचारायचे, "मास्तर, कुठल्या बाजाराला निघाला?" हे सांगायचे, विकायचे नाहीत, नुसते फिरवून आणतो. माझा जीव लाजेनं अर्धा व्हायचा. पण कासरा बघून रस्त्यातली नवी पोरंही मोकळी गाठ धरून चालायला लागायची आणि त्यांच्या आया पाठोपाठ शोधत यायच्या. आमची जाहिरात ती एवढीच.

बावीस पोरं आणि आम्ही दोघं. सगळ्यांकडे कसं बघणार? म्हणून पहिल्या आठवड्यातच ह्यांनी एक नियम करून टाकला. ज्याला येतं त्यानं ज्याला येत नाही त्याला सांगायचं. बटण लावता येतं त्यानं दुसऱ्याचं लावायचं, गाणं येतं त्यानं शेजाऱ्याला म्हणून दाखवायचं. नियम म्हणजे आमची सोय होती, दुसरं काही नाही. पण पोरांनी तो असा काही उचलला की विचारू नका. एकाला शिंक आली तर तिघं त्याचं नाक पुसायला धावायची.

सगळं छान चाललं होतं, फक्त एक सोडून. आम्ही अक्षरं शिकवत नव्हतो. पाच वर्षांच्या आत पाटी-पेन्सिल हातात द्यायची नाही, असं मी कोर्सात शिकले होते आणि त्या वयात मी जे शिकले ते ब्रह्मवाक्य समजायचे. गावाला हे पटणं शक्यच नव्हतं. पोरगं घरी येऊन गातंय, उड्या मारतंय, पण 'अ' म्हण म्हटलं तर हसतंय, अशी कुरकुर पाणवठ्यावर सुरू झाली. खऱ्या शाळेत परीक्षा होते, तपासायला शाळाखात्याचे दिपोटी साहेब येतात. आमच्याकडे कोण येत होतं? मुंगळे.

फाल्गुनात उस्मानभाई आले. उंच माणूस, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर उपरणं. उंबऱ्यावरच बसले. यंदा गूळ उदंड झाला होता, मोठं गोदाम भरलं होतं आणि उरलेला माल ठेवायला हे जुनं हवं होतं. सांगताना ते माझ्याकडे न बघता नातीकडे बघत होते.

"आमचे अब्बा सांगायचे, शिकनाऱ्याला जाग्यावरनं उठवायचं न्हाई," ते म्हणाले. "ही पोरं शिकत असत्याल तर गूळ मी माझ्या ओट्यावर ठेवीन, बाई. पन नुसती खेळत असत्याल, तर खेळायला लिंबाची सावली बी चालंल. मला आडान्याला काय कळनार त्यातलं? गुरुजींना बोलवा. ते म्हनत्याल तसं."

गुरुजी म्हणजे खंडागळे गुरुजी, मुलांच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. पाटलांच्या मुलाला त्यांनी दोनदा चौथीत बसवलं होतं आणि पाटील स्वतः घरी आले तेव्हा त्यांनाही शुद्धलेखन घालायला कमी केलं नव्हतं, असं लोक सांगायचे. आम्हाला दुसरी जागा मिळण्यासारखी नव्हती. गोदाम गेलं की शाळा गेली, आणि शाळा गेली की ह्यांना पुण्याला थोरल्या दिरांच्या छापखान्यात जावं लागणार होतं. दिरांचं पत्र आलेलंच होतं. ह्यांनी ते वाचून घडी घालून खिशात ठेवलं आणि चार दिवस ते शर्ट बदलताना एका खिशातून दुसऱ्या खिशात जात राहिलं. मला ते पाहवत नव्हतं.

आमच्या संसारातलं पहिलं मोठं भांडण 'अ' आणि 'आ' वरून झालं. मी म्हटलं, पंधरा दिवस आहेत, घोकून घेऊ. ब्रह्मवाक्य वगैरे गेलं चुलीत. हे म्हणाले, नाही. जे वर्षभर शिकवलं नाही ते आता गुरुजींना दाखवायला शिकवायचं, हे काही खरं नाही. मी चिडले, अबोला धरला, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या माठामागे शमीमला बसवून कोळशानं फरशीवर गुपचूप अ, आ, इ काढून दाखवलं. तीनच अक्षरं. कुणाला सांगू नकोस म्हटलं.

आता ही चूक माझ्याशिवाय कोण करणार? सांग, सांग म्हणून वर्षभर शिकवलेल्या पोरीला मी सांगू नकोस म्हणत होते. दोन दिवसांनी हे सकाळी गोदामाचं दार उघडून उभे राहिले ते उभेच. फरशीवर, भिंतीवर, माठावर, एका पोराच्या पोटावरसुद्धा कोळशानं अ, आ, इ. बावीसच्या बावीस जणांना येत होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचून झाडू घेतला. अबोला तिथेच संपला.

हे आठवलं की मला अजून वाटतं, त्या वेळी आम्ही किती लहान होतो! मी तेवीस वर्षांची, हे सत्तावीसचे. पुढे शाळा वाढली. बहात्तरच्या दुष्काळात पाटाचं पाणी असलेल्या आमच्या भागात लोकांकडे पाहुणे येऊन राहिले, त्यांची पोरं आली. मोठ्या पातेल्यात दुष्काळी मदतीची सुकडी शिजायची आणि सत्तर वाट्या रांगेत लागायच्या. शेजारची खोली घेतली, मग मागचं अंगण, मग दोन बायांना हाताशी घेतलं. पारूबाई त्यातल्या एक. पण तेवढ्या मोठ्या शाळेतलं एखादं वर्ष दुसऱ्यापासून वेगळं काढून दाखव म्हटलं तर मला जमणार नाही. हे पहिलं वर्ष मात्र दिवसागणिक आठवतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळची शाळा होती. आठलाच पत्रा तापायला लागला होता. दाराशी उस्मानभाईंची बैलगाडी गुळानं भरून उभी. गुरुजींचा निकाल लागला की माल आत, किंवा गाडी माघारी, असा सरळ हिशेब. गाडीवान बैलांना वैरण टाकून सावलीत बसला होता. आयाबाया बाहेर पोत्यांवर. आणि गुरुजी आत. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छडी. त्यांनी आधी खडूनं फरशीवर बावीस चौकोन आखले, एकमेकांपासून लांब लांब, आणि प्रत्येक पोराला एकेका चौकोनात बसवलं. "कुणी कुणाशी बोलायचं नाही," त्यांनी बजावलं. पोरांनी असं कधी बसून पाहिलंच नव्हतं.

सुरुवात बरी झाली. गाणं झालं. अ, आ, इ झालं, आणि मी ह्यांच्याकडे बघायचं टाळलं. मग गुरुजींनी दत्तूपुढे चिंचोके मांडले. किती? दत्तू पाचापर्यंत गेला आणि अडकला. पुढे दोन होते. त्यानं परत सुरुवात केली, परत पाच. शेजारच्या चौकोनातून कुजबुज आली, "सहा, सहा." पलीकडून, "सात." गुरुजींनी छडी फरशीवर आपटली. कुजबुज थांबली. तशी शमीम उठली, फ्रॉक झटकला, चौकोन ओलांडून चालत गेली आणि दत्तूशेजारी मांडी घालून बसली. त्याचं बोट धरून तिनं सहाव्या चिंचोक्यावर ठेवलं.

"तू का उठलीस?" गुरुजींनी विचारलं.

"त्याला येत न्हाई."

"मग?"

"मला येतं."

एवढं उत्तर तिला पुरेसं वाटलं होतं. तिनं दत्तूचं बोट सातव्यावर नेलं.

त्यानंतर परीक्षा कसली राहते! एक उठली म्हणून बाकीचीही उठली. कुणी कुणाचं बटण लावतंय, कुणी दत्तूला शाबासकी देतंय. गुरुजींनी शेवटचा उपाय म्हणून कुणालाच येणार नाही असं काहीतरी विचारलं. आपल्या देशाची राजधानी कोणती? पोरांनी एकमेकांची तोंडं पाहिली. कुणालाच येत नव्हतं. दत्तूनं जरा विचार केला, गुरुजींच्या धोतराचा सोगा धरला आणि वर बघत म्हणाला, "तुमाला येतं का?"

"येतं की."

"मंग सांगा की."

गुरुजींनी छडी काखेत मारली. मग म्हणाले, "दिल्ली." बावीस गळ्यांतून "दिल्ली" निघालं. दत्तू धावत बाहेर गेला आणि पोत्यावर बसलेल्या आईला सांगून आला. पारूबाईंनी शेजारणीला सांगितलं. मला वाटतं, पाच मिनिटांत गाडीवानालाही कळलं असावं. मी मात्र माठाला धरून उभी होते. मनात म्हणत होते, झालं, संपलं सगळं. गुरुजींच्या शब्दकोशात याला एकच नाव होतं, कॉपी. आणि हे सगळं आम्हीच शिकवलं होतं. ह्यांचा हात खिशातल्या पत्रावर होता.

गुरुजी दारात येऊन उभे राहिले. उस्मानभाई उठले.

"उस्मान, परीक्षा झाली," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांनी एकमेकांना सांगून उत्तरं दिली. मलासुद्धा सोडलं नाही. छत्तीस वर्षांत असल्या पोरांना मी पास केलेलं नाही, आज पण करणार नाही. बावीसच्या बावीस नापास."

उस्मानभाईंनी मान खाली घातली. त्यांनाही ते नको होतं, हे दिसत होतं. गाडीवान मात्र आपलं काम ओळखून उठला आणि गाडीचे दोर सोडायला लागला.

"थांब रे," गुरुजी त्याच्यावर ओरडले. मग उस्मानभाईंकडे वळले. "नापास पोरांना पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसवायचं, हा खात्याचा नियम आहे. वर्गच ठेवला नाहीस तर मी यांना बसवू कुठं?"

कुणाच्या लवकर ध्यानात येईना. आधी ह्यांच्या आलं असावं, कारण ह्यांचा हात खिशातल्या पत्रावरून निघाला.

"समदीच नापास, गुरुजी?" उस्मानभाईंनी हळूच विचारलं. "आमची शमीम बी?"

"ती तर पहिली."

उस्मानभाईंच्या दाढीत हसू पसरत गेलेलं मला अजून दिसतं. त्यांनी गाडीवानाला हात केला, "गाडी घराकडं घे." बाहेर बायांमध्ये एकच गलका झाला. माझं पोरगं नापास झालं का, माझं बी झालं का, असं प्रत्येकीला स्वतः विचारून खात्री करून घ्यायची होती. पारूबाई मला धरून म्हणाल्या, "बाई, जूनमधी कोन्च्या तारखंला आणू?" मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम करण्याची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेचा शेवटचा दिवस होता. मी हजेरी घेत होते आणि हे वहीत प्रत्येक नावापुढे निकाल लिहीत होते. दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं तर गुरुजी. छडी नव्हती. त्या हातात तीन वर्षांच्या एका गुबगुबीत पोराचं बोट होतं. त्याच्या डोळ्यांत काजळ, डोक्यावर नवी कोरी टोपी.

"हा माझा नातू," गुरुजी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कडक. "अजून शाळेत आलेला नाही. पण याला पण नापास करून घ्या."

ह्यांनी वहीत तेविसावं नाव लिहिलं आणि त्यापुढे ठळक अक्षरांत 'नापास'. गुरुजींनी वही हातात घेतली, सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली, आणि खाली सही केली.